मंगळाचा खर्च किलोत मोजा

विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी विकास इंजिनं बनतात. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात हेच इंजिन असतं आणि ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान पीएसएलव्हीवरूनच निघालं. मोहिमेचा खर्च ४५० कोटी रुपये. एवढ्यात कसं भागलं, ते यानाच्या वजनात दिसतं.

उड्डाणावेळी यान १,३३७ किलोचं होतं. त्यात ८५२ किलो निव्वळ इंधन. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती पाचही उपकरणं मिळून फक्त १५ किलो, म्हणजे वाण्याकडच्या ३० किलोच्या तांदळाच्या गोणीच्या निम्मी! थेट मंगळाकडे फेकण्याइतकी पीएसएलव्हीची ताकद नव्हती. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरवत, मधूनमधून इंजिन पेटवून कक्षा ताणत नेली. मंगळाभोवतीही ४२१ बाय ७७,००० किलोमीटरची लांबुळकी कक्षा पत्करली, कारण जवळच्या गोल कक्षेत शिरायला वेग आणखी कमी करावा लागतो आणि त्यालाही इंधनच लागतं.

११ नोव्हेंबरला चौथ्यांदा कक्षा वाढवताना इंधनाची झडप विजेवर उघडणाऱ्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइल एकाच वेळी चालू केल्या, तर इंजिनाकडे जाणारा प्रवाहच थांबला. लाखभर किलोमीटरवर जायचं यान ७८ हजारांच्या आसपास अडलं. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा चालवून कसर भरून काढली.

आता यानात चार माणसं बसवू. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांनी एकदा येतात, त्यामुळे परतीसाठी तिथेच थांबावं लागतं. जाणं, थांबणं, येणं मिळून हजार दिवस धरा. वेष्टनासकट जेवण माणशी रोज सुमारे १.८ किलो, म्हणजे चौघांचं सात टनांहून जास्त. पाण्याचं त्या मानाने बरं आहे: अंतराळ स्थानकात घाम आणि लघवीसकट ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात येतं. पण ती यंत्रं बिघडतात, आणि वाटेत सुटे भाग पोचवायला कोणी नाही.

उतरणं त्याहून अवघड. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तेवढ्यात पॅराशूटला पुरेशी पकड मिळत नाही. आजवर तिथे सुखरूप उतरलेली सर्वांत जड गाडी म्हणजे नासाची पर्सिव्हरन्स, १,०२५ किलोची. त्या मोहिमेला सुमारे २७० कोटी डॉलर लागले. माणसांच्या यानाला असे वीसेक टन उतरवावे लागतील.

माणसांना फक्त ४०० किलोमीटर वर नेऊन सुखरूप परत आणायचं म्हटलं तरी आकडे कुठे जातात बघा. गगनयान कार्यक्रमाला, भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह, २०,१९३ कोटी रुपये मंजूर आहेत. शिवडीहून न्हावाशेव्याला जाणाऱ्या अटल सेतूलाही याहून कमी, सुमारे १७,८०० कोटी लागले.

मंगळावरून चौघांना नुसतं वर उचलायला अंदाजे ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन हवा. एवढं इथून नेणं परवडणार नाही, तो ऑक्सिजन तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधूनच काढायला हवा. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने ते करून दाखवलं: १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम. मोठा कारखाना आधी पाठवावा आणि टाकी भरल्याचा संदेश आल्यावरच माणसांनी पृथ्वी सोडावी, हाच क्रम आम्हाला पटतो.