स्किझोफ्रेनिया आणि साखर : हा संबंध गोळ्यांच्याही आधीचा

स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि संशय यांचा मानसिक आजार. त्याच्या शुभार्थीची, म्हणजे रुग्णाची, शुगर वाढली की घरचे सगळा दोष गोळ्यांना देतात. त्यात तथ्य आहेच, पण अर्धंच. यातली एकही गोळी जन्माला आली नव्हती तेव्हा, १८७९ साली, हेन्री मॉड्स्ली या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं, की ज्या घराण्यांत वेड असतं त्यांत मधुमेहही बऱ्याचदा दिसतो. अलीकडे औषध सुरू होण्यापूर्वीच नव्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा त्यांच्यातही साखरेचा तोल थोडा ढळलेला आढळला.

मधला एक काळ तर साखर उतरवणं हाच उपचार होता. टोरांटोत १९२१ साली इन्सुलिन सापडलं आणि १९३३ मध्ये व्हिएन्नात मॅनफ्रेड साकेल ते स्किझोफ्रेनियासाठी टोचू लागला. सकाळी उपाशीपोटी इंजेक्शन. साखर उतरत जायची, माणूस घामाने निथळायचा, बेशुद्ध व्हायचा. मग नाकातून नळी घालून साखरेचं पाणी पोटात सोडायचं आणि त्याला शुद्धीवर आणायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं कित्येक आठवडे. काही जण शुद्धीवर आलेच नाहीत. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. हॅरल्ड बोर्न या डॉक्टरने १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या उपचाराच्या दाव्यांवर बोट ठेवलं. १९५७ च्या चाचणीत इन्सुलिनऐवजी गुंगीचं औषध देऊन बेशुद्ध केलेले रुग्णही तेवढेच सुधारले.

तोवर, १९५२ मध्ये, पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं होतं. भास ओसरू लागले, माणसं घरी परतू लागली. वजन आणि साखर वाढल्याच्या नोंदीही लवकरच येऊ लागल्या, पण भास थांबल्याच्या आनंदात त्या मागे पडल्या. पुढे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही नव्या पिढीची औषधं आल्यावर त्यांच्याकडे काणाडोळा करणं अशक्य झालं. ही औषधं मेंदूतली भुकेची लगामच सैल करतात. शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना, हे वेगळं सांगायला नको : जेवण झालेलं असतं, रात्रीची गोळी घेतलेली असते, आणि साडेअकराला स्वयंपाकघरात पोळ्यांचा डबा वाजतो. हा हावरटपणा नव्हे. त्यावर रागावून उपयोग नसतो.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ मध्ये या नव्या पिढीतल्या सगळ्याच औषधांवर मधुमेहाचा इशारा छापायला लावला. २००४ मध्ये तिथल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी मिळून वेळापत्रक ठरवलं : औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातली साखर आणि चरबी; मग वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला, साखर बाराव्या आठवड्याला आणि नंतर दरवर्षी. एक वजनकाटा, एक टेप आणि रक्ताची साधी तपासणी, एवढंच लागतं. तरी केसपेपरवर झोप, संशय, भास लिहिले जातात आणि वजनाची जागा कोरी राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

आकडा चढलेला पाहून घाबरून गोळी मनानेच बंद केली, तर आजार उलटतो. कुणाला डॉक्टर अॅरिपिप्राझोलसारख्या वजन कमी वाढवणाऱ्या औषधावर नेऊ शकतात. पण बाकी सगळं हरल्यावर ज्यांना क्लोझापिनच लागू पडलं, त्यांना ही सोय नसते; त्यांच्यासाठी पहिल्यापासूनच मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जोडण्याचा विचार आता होऊ लागला आहे.