बाभूळ, हिवर की खैर? खान्देशातलं झाड नेमकं ओळखताना

खान्देशात कापूस न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. त्याच कापसाच्या एका फुलावरून वनस्पतींचं एक अख्खं कुळ शिकता येतं. कळीत पाच पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून बसलेल्या असतात. त्यांच्याखाली दातेरी कडांची तीन मोठी, पानासारखी छदं असतात. मधोमध असंख्य पुंकेसरांचे तंतू जुळून एक नळी झालेली असते आणि तिच्यातून कुक्षी वर डोकावते. आता परसातली भेंडी, अंबाडी, जास्वंद पाहा. पाकळ्यांचा रंग बदलेल, खालच्या छदांची संख्या आणि रुंदी बदलेल, पण पुंकेसरांची नळी तीच राहील. हे माल्व्हेसी कुळ. कुळ कळलं की निम्मं काम झालं, कारण मग शोध त्या कुळातल्या जातींपुरताच उरतो.

ओळखीसाठी फूल इतकं महत्त्वाचं का? पान पाण्यावर, सावलीवर, गुरांनी खुडण्यावर बदलतं. एकाच झाडाच्या खालच्या आणि वरच्या फांदीचं पान वेगळं असू शकतं. फुलाची रचना मात्र त्या मानानं ठाम असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली तेव्हा ठाऊक असलेल्या वनस्पती मुख्यतः पुंकेसरांच्या आधारानं मांडल्या. पुढे अनेक लक्षणं एकत्र बघायची पद्धत रुळली, आणि १९९८पासून डीएनएच्या आधारानं कुळांची फेरमांडणी झाली. तिच्यामुळे सातपुड्यातली काटेसावर आणि पांढऱ्या खोडाचा कांडोळ हे दोघंही कापसाच्या कुळात आले. कांडोळाच्या फुलाला तर पाकळ्याच नसतात! म्हणून नुसत्या दिसण्यावर नातं ठरवता येत नाही.

जगात सपुष्प वनस्पतींच्या तीन लाखांच्या आसपास जाती आहेत. त्यातून आपल्या बांधावरचं झाड शोधायचं म्हणजे दमछाक. प्रादेशिक फ्लोरा, म्हणजे एका प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनासह केलेली नोंद, हा पसारा आवरते. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा फ्लोरा प्रसिद्ध केला. खान्देश त्यात आहे, पण सिंधही त्यातच आहे. धुळे-नंदुरबारचा डी. ए. पाटील यांचा फ्लोरा २००३ साली आला आणि जळगाव जिल्ह्याचा, क्षीरसागर व पाटील यांचा, २००८ साली. तापीच्या खोऱ्यातलं जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तर तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास. मधल्या उतारांवर साग, सालई, धावडा, मोह, आणि धुळ्याकडच्या कोरड्या टेकड्यांवर अंजन. हा मुलूख रखरखीत, काटेरी म्हणून अभ्यासकांनी मागे ठेवावा असा मुळीच नाही. इथल्या काट्यांमध्येच शिकण्यासारखं फार आहे.

फ्लोरात जातींची ओळख पटवायला ‘किल्ली’ असते. प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी वर्णनं दिलेली असतात. जुळेल ते निवडायचं आणि पुढच्या जोडीकडे जायचं. ही पद्धत फ्रेंच निसर्गअभ्यासक लामार्कनं १७७८ साली फ्रान्सच्या फ्लोरात वापरली आणि आजही तिच्याइतकं भरवशाचं साधन नाही. मोबाइलचं ॲप नाव सुचवतं. किल्ली ते नाव का, हे आपल्याकडून वदवून घेते.

आपल्याकडच्या काटेरी झाडांवर ती चालवून पाहू. पहिला प्रश्न: काटा कसा आहे? सरळ, पांढरट, पानाच्या बुडाशी जोडीनं आलेला असेल तर ती रूपांतरित उपपर्णं, म्हणजे पानाच्या देठाशी येणारे छोटे अवयव; मग झाड बहुधा बाभूळ-हिवराच्या गटातलं. जोडीनंच पण आकडीसारखा वाकलेला, सालीतून निघालेला असेल तर तो खैर. (बोरीत गंमत असते: जोडीतला एक काटा बहुधा सरळ, दुसरा वाकडा.) दुसरा प्रश्न: फुलं गोंड्यात की तुऱ्यात? खैराचे फिकट तुरे असतात, बाभळीचे पिवळेधमक गोल गोंडे. हिवराचेही गोंडेच, पण मळकट पांढरे, मोठ्या फांदीदार झुबक्यांत आणि पावसाळ्याच्या सुमारास. त्याची सालही फिकट. तिसरा प्रश्न शेंगेचा. बाभळीची शेंग प्रत्येक बीजाशी फुगलेली आणि मधे आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. देवबाभळीचे गोंडे पिवळेच, पण शेंग जाड, गोलसर, न आवळलेली. सरळ काटे असूनही लोंबते तुरे आणि गोडसर, पिवळट शेंगा दिसल्या तर ती वेडी बाभूळ. ती अमेरिका खंडातून आलेली आणि निराळ्याच प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट).

काट्यांमधला हा फरक आता नावांतही उतरला आहे. पूर्वी बाभूळ, हिवर आणि खैर तिघंही अकेशिया होते. अभ्यासाअंती ती प्रजाती फुटली आणि अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाकडे ठेवायचं २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं. २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. सरळ उपपर्णी काट्यांची बाभूळ आणि हिवर आता वॅचेलिया, खैर सेनेगालिया. मूळ अकेशियाचा प्रमाण नमुना, म्हणजे ज्या जातीला ते नाव बांधलेलं होतं ती, बाभळीचाच होता, त्यामुळे हा निर्णय आपल्याकडच्या अनेकांना बोचला. मलाही. पण गटांची विभागणी योग्यच आहे.

काही चुका औषधापर्यंत पोहोचतात. पांढरा कुडा आणि काळा कुडा दोन्ही सातपुड्यात भेटतात. समोरासमोर पानं, पांढरा चीक, पांढरी फुलं, जोडीनं लोंबणाऱ्या शेंगा, सगळं सारखं. आयुर्वेदातला अतिसारावरचा कुटज म्हणजे पांढरा कुडा, आणि त्याच्या सालीत काळ्याची साल मिसळली जाते. फुलात पाहा: काळ्या कुड्याचे परागकोश जुळून सुळक्यासारखे बाहेर येतात आणि त्यांच्याभोवती झालर असते; पांढऱ्याचे नळीतच दडलेले. काळ्याच्या शेंगांची टोकं कोवळेपणी जुळलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बीजाचा कापसासारखा झुपकाही दोघांत विरुद्ध टोकांना असतो.

शंका राहिलीच तर शेवटचा निवाडा वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना करतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र इथे असे नमुने जपलेले आहेत. त्यांची किंमत सोबतच्या माहितीच्या चिठ्ठीवर ठरते. जुन्या चिठ्ठीवर नुसतं ‘खान्देश’ लिहिलेलं असलं, तर झाड रावेरचं की अक्कलकुव्याचं, कसं कळणार? १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. नुसत्या जिल्ह्याच्या नावावर विसंबणं तेव्हापासून आणखी अवघड झालं. म्हणून आज तुम्ही फोटो काढाल तेव्हा फुलाचा आतून, पानाचा दोन्ही बाजूंनी, काट्याच्या बुडाचा, सालीचा आणि फळाचा काढा. सोबत गाव, नाला किंवा टेकडी, तारीख आणि जमीन काळी की मुरमाड हे लिहून ठेवा. फुलं नसतील तर महिनाभरानं त्याच झाडाकडे पुन्हा जा.