गोकाक: घटप्रभेच्या उतरणीवर वाढलेले शहर

आंबोलीत उगवलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. कोवाडकडून येणारी ताम्रपर्णीही घटप्रभेलाच मिळते. हे सगळे पाणी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाकच्या अलीकडे सुमारे 6 किलोमीटरवर एका कड्यावरून 52 मीटर खाली पडते. कडा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला आहे. काठावर चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ आहे, म्हणजे ही जागा इथली सूतगिरणी येण्याच्या कितीतरी आधीपासून महत्त्वाची होती. तिथला झुलता पूल सुमारे 200 मीटर लांबीचा आहे.

गिरणी इथेच का आली, याचे उत्तर या उंचीत आहे. त्या काळी सूतगिरणी चालवायची तर वाफ हवी, वाफेला कोळसा हवा, आणि तो आणायचा फार लांबून. इथे मात्र कड्यावरचे पाणी नळातून खाली सोडले की यंत्रे फिरवण्याइतका दाब फुकट मिळत होता, आणि कापूस पिकवणारी काळी जमीनही जवळच होती. 1885 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने आपले नावच ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग’ असे ठेवले. 1887 मध्ये गिरणी सुरू झाली. कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज त्यानंतरची, 1902 ची. कर्नाटकातल्या पाण्याच्या शक्तीची सुरुवात सांगताना गोकाक मागे पडते, हे योग्य नाही.

अडचण होती ती नदीच्या स्वभावाची. घटप्रभा पावसाळ्यात दुथडी वाहते आणि उन्हाळ्यात आटते; नुसत्या धबधब्यावर गिरणी बारा महिने चालत नाही. त्यासाठी वरच्या बाजूला धुपदाळचा बंधारा लागला. त्याच बंधाऱ्यावरून 1897 मध्ये डावा कालवा पूर्ण झाला आणि शेतीलाही पाणी मिळाले. पुढे आणखी वर हिडकलला 51 टीएमसीचे (अब्ज घनफूट) धरण झाले. आता धबधबा पूर्ण रुंदीने पाहायचा तर जुलै ते सप्टेंबरमध्येच जावे. उन्हाळ्यात बहुतेक उघडा खडकच दिसतो.

गावातले जुने धंदे वेगळे: रंगवलेली खेळणी, आणि करदंट म्हणजे डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याची वडी. करदंटाचा डिंक तुपात थोडा थोडा तळून आतपर्यंत फुलवावा लागतो, नाहीतर तो दाताला चिकटतो. गुळाचा पाक जास्त आटला तर वडी दगडासारखी होते. मग त्यात खोबरे, खारीक, काजू, बदाम कितीही घाला, उपयोग नसतो.

शहराचा धोकाही पाण्यातूनच येतो. बेळगावजवळून वाहत आलेली मार्कंडेय गोकाकपाशी घटप्रभेला मिळते. हिडकलमधून मोठा विसर्ग सुरू असला की घटप्रभेची पातळी चढते, मार्कंडेयचे पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा गावात शिरतो. ऑगस्ट 2019 मध्ये दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या. लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला आणि सखल भागातली घरे बुडाली. त्यामुळे पावसाळ्यात इथल्या माणसाने हिडकलच्या विसर्गाबरोबर मार्कंडेयची पातळीही पाहिली पाहिजे.