बरणीतलं ते सगळं फॉर्मलिन नव्हे

संग्रहालयात बरण्यांतले मासे, खेकडे, ऑक्टोपस दिसले की कुणीतरी हमखास सांगतं, 'हे सगळं फॉर्मलिनमध्ये (फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण) बुडवलंय.' बहुतेक बरण्यांच्या बाबतीत हे खरं नाही. आत असतं साधारण ७० टक्क्यांचं अल्कोहोल.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचंच घ्या. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत (१८३१ ते १८३६) जमवलेले मासे तिथे आहेत. ऊती टिकवायला फॉर्मलिन वापरण्याची कल्पना मात्र जर्मन डॉक्टर फर्डिनांड ब्लूम यांनी मांडली १८९३ साली. मग डार्विनला फॉर्मलिन मिळणार कुठून? त्याचा भरवसा मद्यार्कावरच होता.

फॉर्मलिनचं काम सुरुवातीचं. त्यात ऊती घट्ट झाल्या की नमुना धुऊन अल्कोहोलमध्ये हलवतात. तसाच राहू दिला तर द्रावण हळूहळू आम्लधर्मी होतं आणि चुन्याचे भाग खायला लागतं. शंखांची चकाकी उडते, समुद्रताऱ्याचा सांगाडा ठिसूळ होतो. शिवाय डीएनए मिळवणं अवघड होऊन बसतं, ते वेगळंच.

अपवाद आहेतच. याच संग्रहालयातली 'आर्ची' ही ८.६२ मीटर लांबीची महाकाय स्क्विड (ऑक्टोपसचीच नातलग), २००४मध्ये फॉकलंड बेटांजवळ सापडलेली, खरोखरच फॉर्मलिन आणि मिठाच्या द्रावणात आहे.

आणि हो, ते प्राणी मुळात असे पांढरेफटक नसतात. त्यांची नारिंगी-पिवळी रंगद्रव्यं अल्कोहोलमध्ये विरघळतात, म्हणून प्राणी फिका पडतो आणि द्रव पिवळसर होतो. अल्कोहोल उडतंही, त्यामुळे बरण्या अधूनमधून पुन्हा भराव्या लागतात.