पेनड्राइव्हमधला खरा फोल्डर आणि फोल्डरचं सोंग घेतलेली फाइल

कोल्हापुरातली राजारामपुरी असो की शिवाजी विद्यापीठाचा परिसर, ॲडमिशनच्या दिवसांत झेरॉक्स सेंटरच्या एकाच कॉम्प्युटरला सकाळपासून गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागत असतात. कुणाचा प्रोजेक्ट, कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला. त्यातल्या एकात व्हायरस असला की मागून येणाऱ्या सगळ्यांना प्रसाद मिळतो, आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही नसतो. घरी पेनड्राइव्ह उघडला तर ‘फोटो’, ‘दाखले’, ‘प्रोजेक्ट’ सगळं जागच्या जागी दिसतं. फक्त ते फोल्डर नसतात.

पूर्वी या सोंगाची फारशी गरज नव्हती. पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे व्हायरस आपसूक सुरू व्हायचा. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केलं आणि २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसा अपडेट दिला. आता त्याला तुमचा डबल क्लिक लागतो, आणि माणूस बेधडक डबल क्लिक करतो तो फोल्डरवरच.

म्हणून मोठ्या आयकॉनवर विसंबू नका. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘डिटेल्स’ निवडा आणि ‘टाइप’चा रकाना वाचा. खऱ्या फोल्डरपुढे ‘फाइल फोल्डर’ असतं आणि ‘साइज’चा रकाना कोरा असतो. सोंगापुढे ‘ॲप्लिकेशन’ किंवा ‘शॉर्टकट’ लिहिलेलं असतं आणि साइजचा आकडाही असतो. पाच वेगवेगळ्या नावांपुढे केबीचा एकच आकडा दिसला तर समजा, एकाच फाइलच्या पाच नकला आहेत.

‘व्ह्यू’मधलं ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’, म्हणजे नावामागचं फाइलचा प्रकार सांगणारं शेपूट, चालू करा, असा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच बरोबर आहे. नावामागे लपलेलं प्रोग्रामचं डॉट ईएक्सई त्याने उघडं पडतं, पण शॉर्टकटचं डॉट एलएनके त्यानंतरही दिसत नाही. विंडोज ते मुद्दाम झाकून ठेवतं. तिथे आयकॉनवरचा छोटा बाण आणि टाइपचा रकाना एवढाच आधार. शंका आली तर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘टार्गेट’ वाचा. तिथे सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ (दुसऱ्या फाइली किंवा कमांड चालवणारे विंडोजचेच प्रोग्राम) दिसलं तर हात लावू नका. कित्येकदा या शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरसही सुरू होतो आणि लपवलेला खरा फोल्डरही उघडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

मग खरा डेटा जातो कुठे? बहुतेक वेळा तो तिथेच असतो, ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारून. दोन-चार शॉर्टकट दिसताहेत आणि ड्राइव्ह मात्र सहा जीबी भरलेला दाखवतोय, ही त्याची खूण. इथे लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि व्हायरसने न पुसलेले फोटो स्वतःच्या हाताने पुसतात.

साफसफाईत क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. आधी शॉर्टकट उडवले तर ते काही सेकंदांत परत येतात, कारण ते बनवणारा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये चालूच असतो. पेनड्राइव्ह काढा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना जोडा. डब्ल्यूस्क्रिप्ट चालू असेल तर कोणती फाइल चालतेय तिचा पत्ता तिथेच मिळतो, बहुधा ॲपडेटा किंवा टेम्प या फोल्डरमधला. सिस्टिम३२ या विंडोजच्या फोल्डरमधलं डब्ल्यूस्क्रिप्ट विंडोजचंच आहे, ते डिलीट करायचं नाही. ‘एंड टास्क’ करून त्याने चालवलेली फाइल उडवायची. मग टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये आणि टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) त्याच फाइलची नोंद शोधून काढून टाका. शेवटी विंडोज सिक्युरिटीच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात, तेव्हा उघडी कामं आधी सेव्ह करा.

आता पेनड्राइव्ह लावा, पण फोल्डरवर क्लिक नको. सोंगं निवडून डिलीट करा. खऱ्या फोल्डरवरचा ‘हिडन’चा शिक्का प्रॉपर्टीजमधून निघत नाही, कारण ‘सिस्टिम’ लागलेलं असताना ती चौकट फिकी पडते. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब (attrib) ही कमांड द्यायची: पुढे उणे एच, उणे एस, उणे आर, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, तारा-डॉट-तारा, शेवटी स्लॅश एस आणि स्लॅश डी. दोन भागांच्या मध्ये एक जागा सोडा, पण ड्राइव्हच्या अक्षरापासून शेवटच्या ताऱ्यापर्यंत सगळं सलग लिहा. अक्षर दोनदा तपासा. ‘ई’च्या जागी चुकून ‘सी’ पडला तर विंडोजच्या लपवून ठेवलेल्या फाइलींचे शिक्केही निघू लागतात.

यानंतर बिननावाचा एक फोल्डर दिसला तर तो कचरा समजू नका. काही व्हायरस सगळा डेटा अशाच फोल्डरमध्ये कोंबतात. उघडून पाहा आणि नवं नाव द्या. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ मात्र विंडोजचाच आहे, तो राहू दे.

खात्री करायची तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून एक रिकामा पेनड्राइव्ह लावा, त्यात नवा फोल्डर बनवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात त्याचा शॉर्टकट झाला, तर ‘स्टार्टअप’ किंवा टास्क शेड्यूलरमधली एखादी नोंद बहुधा राहिली आहे. पुन्हा तिथूनच सुरुवात करा.