सांदवाडी ते पोषण परसबाग

विदर्भात बाग म्हटलं की संत्र्याची बाग डोळ्यांपुढे येते. बायकांच्या भाजीच्या वाफ्याला कुणी बाग म्हणत नसे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत घरामागच्या त्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. वऱ्हाडात तर भाजी वावरातच व्हायची: कपाशीच्या तासांत अधूनमधून अंबाडी, चवळी, भेंडी आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वालाचे वेल. निंदायला गेलेली बाई घरी परतताना ओटीत भाजी घेऊन यायची. दोडक्याचं, ढेमसाचं बी राख लावून गाडग्यात ठेवलेलं असे. एकीचं संपलं की दुसरीकडून ओंजळभर यायचं, माहेरूनही यायचं. वाफा ज्याचा त्याचा, पण बियाणं साऱ्या गावाचं. सामूहिक बागेचं मूळ मला इथंच दिसतं.

सगळ्यांनी मिळून एकच मळा पिकवायचा, ही कल्पना रुजली ती वर्ध्याच्या परिसरात. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत कच्च्या पालेभाज्या खाऊन बघत होते. गरिबाच्या ताटातली उणीव परसातल्या पाल्यानं भरून निघेल, असं त्यांना वाटत होतं. १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिकवण्याची, म्हणजे नई तालीमची, मांडणी झाली. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताईच्या जोडीला शेती-बागकामही शिक्षणाचा भाग झालं. वाफा मोजताना गणित, बी उगवताना विज्ञान. त्याच परिसरात २००५ पासून आनंद निकेतन शाळा भरते. तिथली मुलं आजही मातीत हात घालून शिकतात.

पण बाग माणसाला काय देऊ शकते, हे सांगायला मी आधी आनंदवनाकडे बोट दाखवीन. १९५१ मध्ये बाबा आमटे मोजक्या कुष्ठरुग्णांना घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. विहीर खणली, जमीन साफ केली, धान्य आणि भाजी पिकवली. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं होतं, त्यांनी अधू हातांनी ही माती भुसभुशीत केली. भाजी उत्तम आली, पण कुष्ठरुग्णांचा हात लागलेली म्हणून वरोऱ्यातले लोक ती घेईनात. औषधानं आजार बरा होत होता. ही शिवाशिव औषधानं जाणारी नव्हती. पुढे देशोदेशीचे तरुण तिथं येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, त्यांनी पिकवलेलं जेवले. हळूहळू गावाचीही भीती मोडली. आपण पिकवलेलं दुसऱ्यानं आनंदानं खाणं, यानं माणूस किती उभा राहतो!

पुढच्या काळात वावरातली भाजीच हरवत गेली. सोयाबीन आलं, २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, मजुरी महागली आणि निंदणाच्या जागी तणनाशक आलं. फवारलेल्या तासात अंबाडी कशी टिकेल? ज्या घरानं रोज वावरातून भाजी आणली, त्या घरची बाई आठवडी बाजाराची वाट पाहू लागली. याची नोंद कुठल्या हिशेबात झाली नाही, पण ताटात तो बदल स्पष्ट दिसला.

अलीकडे उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचतगटांनी आणि अंगणवाड्यांनी पोषण परसबागा उभ्या केल्या. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यावर त्यांना जोर आला. गोल आखणी करून सात भाग पाडायचे, कडेनं शेवगा, पपई, कढीपत्ता लावायचा, मांडवावर कारली चढवायची. अशा बागेभोवती बायका रांगोळीही काढतात. अंगण सारवून त्यावर ठिपके टाकणाऱ्या हातांना वाफा आखणं नवं नाही.

अडचण येते ती एप्रिल-मेमध्ये. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, प्यायचं पाणीच दुरून आणावं लागतं, तिथं वाफा जगवणार कसा? दुसरी अडचण बियाण्याची. वाटपातलं पाकीट संकरित असेल, तर त्याचं धरलेलं बी पुढल्या साली तसंच पीक देत नाही, आणि पुन्हा पाकिटाची वाट पाहावी लागते. म्हणून एखाद्या गटातली म्हातारी गावरान वालाचं, अंबाडीचं बी पुडीत बांधून सुनांना वाटते, तेव्हा मला तिथं थांबून बघावंसं वाटतं.