जमिनीखालचे जंगल

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की ठाणे स्थानकाबाहेरच्या बाजारात शहापूर-मुरबाडकडच्या बायका शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात आणि जुडीसोबत मूठभर हिरवी काकडे, म्हणजे काकड झाडाची आंबट फळेही देतात, कारण काकडाच्या आंबटपणाशिवाय शेवळ्याची खाज मोडत नाही. शेवळे ही सुरणाच्या कुळातली रानभाजी. त्याचा कंद पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत जमिनीखाली निजून असतो आणि पहिल्या ओलीबरोबर आधी फुलोरा वर काढतो. पान त्यानंतर येते. मे महिन्यात त्याच जागेवर उभे राहिले तर पायाखाली काही आहे याची शंकासुद्धा येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर ज्यांच्या मालकीची जमीन आहे, त्यांनी हे शेवळे डोळ्यांपुढे ठेवावे असे मला वाटते, कारण आपल्याकडच्या पानगळी जंगलाचा मोठा हिस्सा असाच जमिनीखाली असतो.

या जमिनींना आपल्याकडे वरकस म्हणतात. खाचरात भात, त्याच्या वरच्या उतारावर नाचणी-वरी आणि त्याहून वर राबासाठी राखलेली झाडे, अशी ही जुनी रचना. उन्हाळ्यात ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, शेण, पालापाचोळा आणि गवतासह भाताच्या रोपवाटिकेच्या वाफ्यावर पसरायच्या आणि त्यावर मातीचा पातळ थर देऊन पेटवायच्या, म्हणजे वाफ्यातले तणांचे बी मरते आणि रोपांना राख मिळते; यालाच राब म्हणतात. राबामुळे झाडांची दैना होते ही तक्रार इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहे आणि ती खोटीही नाही. वर्षानुवर्षे छाटलेला ऐन खांबाला पानांचे झुबके बांधल्यासारखा दिसतो. मात्र शेतकऱ्याने झाड मुळासकट कधी काढले नाही, कारण पुढच्या वर्षीचा राब त्यालाच हवा असे. त्यामुळे वरून बोडक्या दिसणाऱ्या वरकसात कित्येक दशकांची मुळे आजही जिवंत आहेत.

हे आम्हाला उशिरा कळले. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित चार एकरांवर ‘काहीच नाही, नुसती झुडपे आहेत’ असे आम्हा ठाणेकर भावंडांचे ठाम मत होते. आम्ही झुडपे साफ करवली, जेसीबी लावून खड्डे काढले आणि रोपवाटिकेतून ट्रकभर रोपे आणून लावली. दुसऱ्या मे महिन्यापर्यंत त्यांतली बहुतेक वाळून गेली होती. खड्ड्यांच्या मधल्या जागेत मात्र, आम्ही झुडूप म्हणून जमिनीलगत छाटलेल्या ऐनाच्या एका खुंटाला चौदा फुटवे आले होते आणि त्यांतले तीन माझ्या डोक्याच्या वर गेले होते.

यात चमत्कार काही नाही. ऐन, साग, खैर, धावडा, कुडा अशा झाडांच्या बुंध्याच्या तळाशी, सालीखाली, सुप्त कळ्या असतात. शेंडा शाबूत असेपर्यंत त्याच्याकडून खाली येणारी संप्रेरके या कळ्यांना दाबून ठेवतात. खोड तुटले की हा दाब उठतो आणि कळ्या फुटतात. या फुटव्यांच्या पाठीशी पूर्ण वाढलेल्या झाडाची मुळे असतात, त्यांत साठवलेले पिष्ट असते आणि कातळाच्या फटींतून खोलवरची ओल शोधलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीतून आलेल्या रोपाकडे यांतले काहीच नसते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरच्या पातळ मातीत फार टिकत नाही. उरलेले आठ महिने झाडाला मुळांच्या पुंजीवरच काढावे लागतात. सागाच्या आणि ऐनाच्या बियांतून आलेली रोपेसुद्धा सुरुवातीची काही वर्षे उन्हाळ्यात वरून वाळतात, पण खाली मूळ जाड होत राहते आणि पुरेशी साठवण झाली की एखाद्या पावसाळ्यात खोड एकदम उंच निघते. गुडघ्याएवढे दिसणारे रोप मुळाच्या वयाने बरेच मोठे असू शकते. जेसीबीचा दात नेमका या मुळांवर पडतो. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब चर, उघड्या, धूप झालेल्या उतारावर उपयोगाचे आहेत. जिवंत खुंटांच्या रानातून ते सरसकट खणणे म्हणजे पाणी अडवण्याच्या नावाखाली मुळे तोडणे होय.

म्हणून जमीन हाती आल्यावर पहिले वर्षभर फक्त हिंडावे. पावसाळ्यात, दिवाळीनंतर आणि ऐन उन्हाळ्यात त्याच वाटांनी फिरून कुठला खुंट कशाचा आहे, कुठे कळंबाची रोपे आपोआप आली आहेत, कुठे कारवीचे रान आहे याची नोंद करावी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते, तेव्हा तिच्या काठ्या वाळल्या म्हणून तिथले रान गेले असे समजू नये; त्याच जागी पुढच्या पावसात तिची पिल्लावळ उगवते. एवढे झाल्यावर खुंटाच्या फुटव्यांपैकी जमिनीच्या अगदी जवळून निघालेले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे विरळ करता येतात. उंच खुंटाच्या टोकावरून निघालेला फुटवा पुढे वजनाने वाऱ्यात फाटतो, त्यामुळे तो ठेवू नये. विरळणी करणे बंधनकारक नाही. खुंटाला सवड दिली तर दुबळे फुटवे आपणहून मरतात, फक्त वेळ जास्त लागतो.

या सगळ्यावर एका दुपारचा वणवा पाणी फिरवू शकतो. आपल्याकडे वणवे फेब्रुवारीपासून मेपर्यंत लागतात आणि ते जवळजवळ सगळे माणसाने लावलेले असतात: कधी नवे गवत लवकर फुटावे म्हणून, कधी विडीच्या थोटकाने, तर कधी मोहाची फुले वेचताना झाडाखालचा पाला जाळल्याने. आग जमिनीलगत धावते. जाड सालीचा साग किंवा ऐन तिला पुरून उरतो, पण कोवळे फुटवे आणि रोपे जळतात, आणि पाचोळ्यावर उघडीच अंडी घालणाऱ्या रातव्याचे त्या वर्षाचे घरटे संपते. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर रोपे वयातच येत नाहीत. म्हातारी झाडे आणि गवत एवढेच उरते. उपाय जुना आहे. हद्दीवर तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा घ्यायची, म्हणजे पट्ट्यातले गवत कापायचे आणि ते डिसेंबर-जानेवारीत, दव असताना, सकाळच्या वेळी माणसे उभी करून जाळून टाकायचे. लोक इथवर करतात आणि निर्धास्त होतात. फेब्रुवारीत सागाची पाने गळायला लागली की तीच जाळरेषा पंधरा दिवसांत पुन्हा पाल्याने भरते, आणि सागाचे सुपाएवढे वाळके पान पेटते राहून वाऱ्याने पट्टा ओलांडू शकते. त्यामुळे मार्चअखेरपर्यंत पट्टा झाडत राहणे हे खरे काम आहे आणि ते ठाण्यात बसून होत नाही. गावातल्या एखाद्या कुटुंबाला गवताचा हक्क देऊन त्याबदली पट्टा राखायला सांगणे, मोहाखाली पाला जाळण्याऐवजी जुन्या साड्या अंथरायला देणे, अशी व्यवस्था कुंपणापेक्षा स्वस्त पडते आणि टिकते. शेवळी, कोरल, कुड्याची फुले अशा रानभाज्या नेणाऱ्यांना अडवू नये, कंद तेवढा खणू नये एवढेच सांगावे.

तणांबाबत थोडक्यात सांगायचे तर रानमोडी पावसाळ्यात, माती मऊ असताना आणि फुलोरा येण्याआधी, मुळासकट उपटावी. घाणेरी कापली की दुप्पट जोमाने फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली बोटभर खोलीवर तोडून झुडूप उलटे करून ठेवले तरच ती मरते, आणि तिची फळे खाणारे बुलबुल उपाशी राहू नयेत, शिवाय उघडी पडलेली जमीन धुपू नये, म्हणून हे काम तुकड्या-तुकड्यांनी करावे. पूर्वी डोंगरांवर भरभर वाढते म्हणून लावलेल्या गिरिपुष्पाला गावाकडे उंदीरमारी म्हणतात. त्याखाली स्थानिक रोपे फारशी दिसत नाहीत, तेव्हा हौसेने ते आणखी लावण्याचे कारण नाही. काटेरी तारेपेक्षा शेर, निर्गुडी, करवंद यांची जिवंत वई चांगली, कारण तीतून रानमांजर आणि मुंगूस जाऊ शकतात. विहिरीला कठडा नसेल तर तो बाकी सगळ्याच्या आधी बांधावा. कोल्हे आणि बिबटे अशा विहिरींत पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात.

कायद्याचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 हा 30 ऑगस्ट 1975 रोजी अमलात आला आणि खाजगी वने त्या दिवशी शासनाकडे निहित झाली, त्यामुळे सातबाऱ्याच्या इतर अधिकारांच्या रकान्यात आणि जुन्या फेरफारांत वनाची नोंद आहे का हे आधी तपासावे. केवळ जमीन वन ठरवण्याची जुनी नोटीस काढली होती एवढ्यावर जमीन शासनाची होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये दिला. त्या वादात ठाणे-मुंबई परिसरातल्या अनेक इमारतींच्या जमिनी होत्या. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने त्याच न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्यालाही वनसंवर्धन कायदा लागू केला. शिवाय 1964 च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाखाली साग, ऐन, खैर, मोह, किंजळ, हिरडा अशी झाडे स्वतःच्या जमिनीतूनही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. फुटवे विरळ करण्यापूर्वी वनक्षेत्रपालांना विचारणे त्यामुळे शहाणपणाचे. आम्ही ते पहिल्या वर्षी केले नव्हते.

आणखी एका गोष्टीबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे मालकाची नजर सर्वांत जास्त चुकते. ती म्हणजे वाळलेले झाड. उभे वाळलेले लाकूड सरपणवाल्याला आधी दिसते आणि मालकालाही ते ओंगळ वाटते. पण सुतार आणि तांबट हे पक्षी चोचीने स्वतः ढोली कोरतात ती मेलेल्या किंवा कुजू लागलेल्या लाकडात, आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत पोपट, दयाळ, पिंगळा असे स्वतः कोरू न शकणारे पक्षी राहायला येतात. धनेशाला तर मोठ्या जुन्या झाडाची नैसर्गिक ढोलीच लागते. मादी तिच्यात स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळे भरवतो. 1884 नंतर कोणाला न सापडलेला वन पिंगळा 113 वर्षांनी, 1997 मध्ये, नंदुरबारकडच्या शहादा भागात पुन्हा सापडला आणि 2014 मध्ये आपल्या तानसा अभयारण्यात दिसला. तोही ढोलीतच घरटे करतो. शहापूर तालुक्यात तानसाच्या कडेला ज्यांची वरकस जमीन आहे, त्यांच्या एखाद्या पोकळ झाडाची किंमत सरपणाच्या भावात काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल. पडलेला ओंडकाही जागीच राहू द्यावा. वाळवी, भुंगेरे आणि बुरशी त्याची माती करतात, आणि भीमाशंकरच्या बाजूला पावसाळी रात्री अशाच कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजेड देते.

आमच्या जमिनीत वरच्या बांधाला एक पांगारा तीन वर्षांपूर्वी वाळला. लाकूड मऊ, सरपणाला हलके, तरी त्याला दोनदा गिऱ्हाईक आले आणि दोनदा परत गेले. मागच्या फेब्रुवारीत त्याच्या पश्चिमेकडच्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, अगदी गोल भोक दिसले आणि खाली पाचोळ्यावर ताजा भुसा पडलेला होता. दहा मिनिटांनी आतून एक तांबट चोचभर भुसा घेऊन तोंड बाहेर काढून बसला, आम्हाला पाहून थबकला, आणि मग भुसा टाकून पुन्हा आत गेला.